हुलसूरच्या आखाड्यावरची काच

कोल्हापुरातून निघताना मी शिवणाची पेटी गाडीत ठेवली, तेव्हा हे हसले होते. बिदरच्या किल्ल्याला झालर लावणार आहेस का, असं विचारलं. एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. टेप, कात्री आणि खडू सोबत नसले की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. हे म्हणजे आमचे यजमान. त्यांना नावानं हाक मारायची सवय मला लागली नाही, आणि आता या वयात लावून घ्यायची हौसही नाही.

गाडी म्हणजे आमची जुनी व्हॅन. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं त्यालाही आता जमाना झाला. मागच्या सीटा काढून यांनी तिथे झोपण्यापुरती फळी बसवली आहे, फळीखाली स्टोव्ह, पातेली आणि माझे लाडवांचे डबे. निवृत्तीनंतर तिच्यातून आम्ही पुष्कळ मुलूख पाहिला. चालवायचे हे, रस्ता विचारणं, खाणं आणि भांडणं ही खाती माझी. लायसन माझ्याकडेही आहे. पण या गाडीचं स्टिअरिंग मला आजवर दोनदाच मिळालं, तेही आमच्याच गल्लीत, आणि दोन्ही वेळा शेजारून इतक्या सूचना आल्या की मी गाडी बंद करून चावी यांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघर गाठलं.

गेल्या वर्षापासून यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी चालवणं हळूहळू सोडा म्हणून सांगितलं. त्यातला ‘हळूहळू’ एवढाच शब्द यांनी ऐकला. बिदर बघून येऊ, मग बघू, असं ठरलं. त्या ‘मग बघू’विषयी आम्ही दोघंही एक अक्षर बोलत नव्हतो.

चिटगुप्पा

हुमनाबाद मागे टाकून आम्ही चिटगुप्प्याकडे वळलो होतो. दोन्ही बाजूंना काढणीला आलेल्या तुरी, मधूनच हिरवीगार ज्वारी, आणि आमच्या पुढे खडीचा एक ट्रक. हे त्याला ओलांडायच्या बेतात असतानाच ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला. आवाज अगदी लहान झाला. समोरची काच एकदम पांढरी झाली आणि पुढच्या क्षणी सगळी साबुदाण्यासारखी आमच्या मांडीवर येऊन पडली. वारा तोंडावर आदळला, माझ्या हातातली शेंगाचटणीची पुडी उडून कुठे गेली ते कळलं नाही. यांनी मात्र घाई न करता गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग यांचा हात थरथरू लागला आणि बराच वेळ थांबेना.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. गावातल्या गॅरेजपर्यंत आम्ही तोंडाला मफलर गुंडाळून, डोळे मिचकावत गेलो. तिथला मेस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि काच होती त्या जागेतून हात आत घालून त्यानं स्टिअरिंगवर ठेवला. “अण्णा, ही काच आता नवी मिळत न्हाई,” तो म्हणाला. “गुजरीत मिळाली तर मिळाली.”

आमच्या कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. तिकडे गुजरी म्हणजे भंगारबाजार. हे ऐकून आम्ही दोघं इतके हसलो की मेस्त्रीला आमच्या डोक्यावर परिणाम झाल्याची शंका आली असावी. त्यानं चहा मागवला आणि बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गुजरीवाल्याला फोन लावून दिला.

हसू तेवढ्यापुरतंच होतं. संध्याकाळी लॉजच्या खोलीत हे म्हणाले, “काच मिळाली तर गाडीनं घरी जाऊ. नाही मिळाली तर गाडी त्या गुजरीवाल्याला देऊन टाकू आणि बसनं जाऊ. नाही तरी आता...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करू दिलं नाही. बाईसाहेब, गाडी गेली की माणूसही खिडकीत बसून राहील, असं माझं मलाच ऐकू आलं. मला ती गाडी घरी न्यायची होती.

सकाळी मी पेटी उघडली. मेस्त्रीकडून जुनी कानडी वर्तमानपत्रं घेतली, लॉजच्या स्वयंपाक्याकडून कणकेची खळ करून घेतली, आणि काचेच्या रिकाम्या जागेचं कागदी माप काढलं. ब्लाउजच्या बाहीसाठी मुंढ्याचा गोल काढतात तसे चारही कोपरे नीट गोल काढले, खडूनं मध्यरेषा मारली. मेस्त्री काम सोडून बघत राहिला.

कोळार

कोळारला कारखाने आणि गोदामांच्या ओळी संपतात तिथे खाजामियाँचं आवार आहे. साठीचा, उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. त्याच्या आवारात गाड्यांची दारं पुस्तकांसारखी उभी लावलेली, दिवे वेगळे, आरसे वेगळे. आमच्या व्हॅनच्या जातीची एक काच त्यानं ढिगामागून काढली. मी माझा कागद तिच्यावर ठेवला. वरून दोन बोटं कमी भरली. ती आधीच्या मॉडेलची होती. खाजामियाँनं कागद उचलून उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, इतकी वर्षं लोक त्याच्याकडे सुतळीला गाठी मारून माप आणतात, असा कागद त्यानं पहिल्यांदाच बघितला. मला फार बरं वाटलं.

पण मग तो आमच्या गाडीभोवती फिरला, दार उघडून लावून बघितलं. “भाबी, वाईट नका मानू,” तो म्हणाला. “तुमची गाडी बाकी एकदम सही हाय. हिचे दरवाजे, हिची गिअरपेटी, लोक शोधत येतात. दिली तर इथंच द्या.”

आम्ही काच शोधायला आलो होतो आणि तो आमच्याच गाडीचे सुटे भाग मोजत होता. मी यांच्याकडे पाहिलं. एरवी या गाडीला कुणी जुनी म्हटलं तरी हे दोन दिवस बोलत नाहीत. त्या दिवशी हे नुसते बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आणि नाही म्हणाले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

कलबुर्गी

आपण अजून गुलबर्गाच म्हणतो. गाडी खाजामियाँच्या आवारात ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं निघालो, कागदाची गुंडाळी माझ्या काखेत. कंडक्टरला तो जमिनीच्या मोजणीचा नकाशा वाटला. भावाभावांत वाद आहे का, असं त्यानं आपुलकीनं विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत मागच्या सीटवरच्या एका अप्पांनी आपल्या वादाची हकीकत सुरू केली. निम्मी मराठीत, निम्मी कानडीत. उतरेपर्यंत त्यांचा बांध कुठून कुठे सरकला ते मला पाठ झालं होतं.

स्टँडसमोर सुसला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, दाण्याचं कूट पेरलेला, सोबत गरम मिरची भजी. आमच्याकडे चुरमुरे म्हणजे भडंग, कुरकुरीत. ते मुद्दाम भिजवून मऊ करायचे ही कल्पना यांना अजिबात पटली नाही. पटली नाही असं म्हणत यांनी दोन बशा संपवल्या.

तिथल्या गुजरीत तिसऱ्या दुकानात काच सापडली. कागद ठेवला, काठाला काठ लागला. मग खालच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा तडा दिसला. दुकानदाराचं म्हणणं, तो तडा त्याच्या लग्नाआधीपासूनचा आहे आणि तसूभर पुढे सरकलेला नाही. काच दगडासारखी आहे. हे पटवून द्यायला त्यानं तिच्यावर एक जोरदार थाप मारली. तडा सर्रकन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. आधी तोच हसायला लागला. त्यानं आम्हाला चहा पाजला, बायकोला फोन करून घडलेली हकीकत सांगितली, आणि निरोप देताना कुठल्या कुठल्या गावांत विचारायचं ते लिहून दिलं. अशा माणसावर रागावणं सोपं नसतं.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. निम्म्या वाटेवर म्हणाले, “उद्या खाजामियाँशी गाडीचं बोलून टाकू.” मी काखेतली गुंडाळी घट्ट धरली आणि झोप लागल्याचं सोंग केलं.

हुलसूर

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळारला गेलो तर सगळं सामसूम. कारखान्यांची फाटकं बंद, चहाची टपरी बंद, कुत्रीसुद्धा आळसावलेली. खाजामियाँ नवा सदरा घालून आपल्याच फाटकाला कुलूप लावत होता. आज कोण भेटणार, त्यानं विचारलं. आज वेळ अमावस्या, सगळा जिल्हा शेतात आहे.

आमच्याकडे हा सण नाही, म्हणून वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला या सीमाभागात, लातूरपासून कलबुर्गीपर्यंत, झाडून सगळी माणसं शेतावर जातात. कडब्याची खोप करतात, पाच दगडांना चुना लावून तिच्यात पांडव म्हणून बसवतात, आणि रानातच जेवतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. आपल्याकडे पाहुण्याला निदान फोन करून यावं लागतं.

हे गाडीचं बोलायला घसा साफ करत होते, तेवढ्यात खाजामियाँचं लक्ष माझ्या काखेतल्या गुंडाळीकडे गेलं. तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, “एक काच हाय. बराबर तुमच्या मॉडेलची. परवा बोललो न्हाई, कारण ती विकायची न्हाई.”

हुलसूरजवळ एका शेतकऱ्याची अशीच व्हॅन होती. हुलसूर ते बसवकल्याण माणसं ने-आण करायचा. खाजामियाँचा जुना दोस्त. तो वारला, पुढे गाडी गुजरीत आली, पण आली ती पुढच्या काचेविना. काच त्याच्या बायकोनं, महादेवीअक्कानं, काढून ठेवली होती. खाजामियाँ दर वर्षी या दिवशी तिच्याच शेतात जेवतो. “चला,” तो म्हणाला. “मागायचं का न्हाई, ते तुम्ही बघा.”

काच नसलेल्या गाडीतून थंडीत पन्नास-साठ किलोमीटर जाणं काय असतं ते मी कुणाला भोगायला सांगणार नाही. खाजामियाँ मागच्या फळीवर लाडवांच्या डब्याला टेकून मजेत, आणि पुढे आम्ही दोघं माकडटोप्या आणि गॉगल लावून. भालकीच्या अलीकडे यांनी गाडी एकाएकी बाजूला घेतली. डोळ्यात माती गेली म्हणाले. माती गेली नव्हती. उजवा हात स्टिअरिंगवर ठरत नव्हता, मला दिसत होतं. ‘मी घेऊ का’ हे तीन शब्द माझ्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी यांच्याकडे दागिने मागितले, काश्मीर मागितलं, पण चावी मागायला जीभ उचलेना. त्या मागण्यात त्यांच्या हातातलं काहीतरी कायमचं काढून घेतल्यासारखं होतं. पाच मिनिटांनी हात थांबला आणि आम्ही निघालो.

हुलसूरचा बाजार कुलूपबंद होता. गाव मागे पडलं आणि शेतं मात्र लग्नघरासारखी गजबजलेली. अक्काच्या शेतात तीस-चाळीस माणसं बसली होती. अक्का सत्तरीची, ठेंगणी, कपाळावर विभूतीचे पट्टे, चालणं तुरुतुरु. “शरणार्थी,” असा तिकडचा लिंगायत नमस्कार करत तिनं हात जोडले, यांच्या माकडटोपीकडे बघून हसू दाबलं, आणि मी काही बोलायच्या आत आम्हाला पंगतीत बसवलं. “आधी जेवा,” ती म्हणाली. “काम काय पळून जायलंय का?”

ते जेवण मी विसरणार नाही. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चिंचेचा कोवळा पाला आणि असल्या नसल्या सगळ्या भाज्या घालून बेसनात शिजवलेली दाट भज्जी. तिला आमच्या भजीशी काही देणंघेणं नाही, ती वाढून खायची भाजी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगापोळी, आणि मडक्यातली ताकाची आंबील. खाजामियाँ शेजारी बसून माहिती पुरवत होता. आज शेतातलं काही विकायचं नसतं, पण आलेल्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं; कुणी हरभऱ्याचा डहाळा नेतं, कुणी ऊस. “आज मागितलं तर अक्का न्हाई म्हणणार न्हाई,” तो हळूच म्हणाला.

जिला नाही म्हणता येत नाही तिच्याकडे मागायचं कसं? पत्र्याच्या खोलीच्या भिंतीत, रस्त्याच्या बाजूला, ती काच मातीत बसवलेली मला पंगतीतून दिसत होती. तिकडे अशा शेतातल्या खोलीला आखाडा म्हणतात. माप घ्यायची गरजच नव्हती, नजरेनं कळत होतं. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली. मागायचं नाही, एवढं आमचं न बोलता ठरलं, आणि गाडी गेली असं मी मनात धरून चालले.

यांच्या हातातली आंबिलीची वाटी हिंदकळली आणि सदऱ्यावर सांडली. अक्कानं पाहिलं. तिनं वाटी पुन्हा भरली, पण या वेळी अर्धीच. मला त्या अर्ध्या वाटीनं भरून आलं.

जेवणं झाल्यावर तिनं मला खुणेनं आखाड्यात बोलावलं. काचेसमोर एक बाज होती. बाजेवर बसलं की शेतातून रस्त्याला मिळणारी गाडीवाट सगळी दिसत होती. अक्का म्हणाली, आमची बिनकाचेची गाडी शेतात शिरली तेव्हाच तिला कळलं कशाला आलो ते.

“मालक गेल्यावर गाडी हितं दोन साल उभी होती,” ती म्हणाली. “पोरं हैद्राबादला. मला चालवाया येत न्हवतं. येत असतं तर गाडी कामून गेली असती गुजरीत?” मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुला येतंय का?”

“लायसन आहे माझ्याकडे.”

“लायसनचं न्हाई विचारायले मी. येतंय का?”

“येतं,” मी म्हणाले. “पण यांच्याकडे कधी मागितली नाही गाडी.”

तिनं काचेतून बाहेर बघितलं. बाहेर हे आणि खाजामियाँ गाडीपाशी उभे होते. “काच देते,” ती म्हणाली. “पण गाडी तू चालवायची. न्हाई तर आज ना उद्या माझी काचबी गुजरीतच जायची.”

मी बाहेर आले. चाळीस माणसांसमोर, माकडटोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या यांच्यापुढे मी तळहात पसरला आणि चावी मागितली. सगळं सांगावं लागलं नाही. यांनी आखाड्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. खिशातून चावी काढताना किल्ल्या खुळखुळत राहिल्या. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “पहिला गिअर जरा ओढून टाकावा लागतो.” एकतीस वर्षं मी वर्गात कधी रडले नव्हते, हुलसूरच्या रानात तीही शिस्त मोडली.

पुढचं सगळं खाजामियाँनं केलं. खुरप्यानं भिंतीची माती सोडवली, काच धुतली, आमच्या गाडीच्या रबरात साबणाचं पाणी लावून बैलाच्या झुलीची दोरी गोल बसवली. तो आतून दोरी ओढत गेला, हे आणि अक्काचा दीर बाहेरून काच दाबत गेले, आणि रबर काचेच्या कडेनं पत्र्यावर इंचाइंचानं चढत गेलं. दाबताना यांचा हात थरथरत नव्हता. काच अशी बसली, जणू तिथून कधी निघालीच नव्हती.

आखाड्याच्या भिंतीला आता भोक पडलं होतं आणि वारा सरळ आत येत होता. मी गाडीतून माझी गुंडाळी आणली आणि भोकावर लावली. काठाला काठ लागला. कडेनं ओली माती दाबली. अक्का म्हणाली, राहू दे, याच कागदावरून हुलसूरच्या काचवाल्याकडून साधी काच कापून घेईन. तोवर कानडी बातम्या वाचत बसेन.

मी स्टिअरिंगपाशी बसले. हे डाव्या बाजूला, माझ्या जागेवर, मांडीवर हरभऱ्याची जुडी घेऊन. खाजामियाँ त्या रात्री शेतावरच मुक्काम करणार होता. अक्का गाडीसमोर आली, बोटानं काचेच्या वरच्या कोपऱ्यात विभूती लावली आणि तशीच उभी राहिली. इतकी वर्षं तिनं या काचेतून आतून बाहेर पाहिलं होतं. आता ती बाहेरून आत बघत होती, ड्रायव्हरच्या जागेकडे. तिथे तिला कोण दिसायचं ते मला ठाऊक होतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिचं बघून होईपर्यंत गाडी सुरू केली नाही.

मग ती बाजूला झाली आणि गाडीवाटेनं पुढे चालू लागली, कुठे खड्डा आहे ते हातानं दाखवत. मी क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मी पहिला गिअर जरा ओढून टाकला.